चढावर दुखणारी दाढ

एका रविवारी सकाळी सात वाजता राजाराम तलावाच्या काठावर मी ओल्या कपड्यांत, एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात बूट घेऊन धावत होतो. तेवढ्यात माझे एक जुने रुग्ण फिरायला आलेले समोर दिसले. ते थांबले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "डॉक्टर, बरं आहे ना सगळं?" दर आठवड्याला या सदरातून मी आपणास हाच प्रश्न विचारीत असतो, त्या दिवशी तो माझ्यावर उलटला. त्यांना जे उत्तर धापा टाकत दिले ते अपुरे होते. म्हणून आजचा लेख.

मी ट्रायथलॉनची तयारी करीत होतो. हा शब्द आता आपल्याकडेही कानावर पडू लागला आहे. आधी पोहणे, त्यानंतर सायकल, त्यानंतर धावणे, हे तिन्ही प्रकार एकापाठोपाठ, मध्ये विश्रांती न घेता करायचे. कपडे आणि बूट बदलण्यात जो वेळ जातो तोसुद्धा घड्याळ मोजत असते. या खेळाचा जन्म फार जुना नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगो येथील मिशन बे या ठिकाणी या नावाची पहिली शर्यत झाली. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईमधील ओआहू बेटावर पंधराजण एका अचाट शर्यतीला उभे राहिले. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन! पंधरापैकी बाराजणांनी ती पुरी केली. 'आयर्नमॅन' म्हणतात ती हीच. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला तो मात्र आटोपशीर अंतरांसह, दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. आमची शर्यत या ऑलिंपिक अंतराची होती. आटोपशीर हा शब्द अर्थात ज्याने ती केलेली नाही त्याचा.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरण्याचे कारण रक्ताचा एक अहवाल. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी ६.२ आली होती. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर उभा. रुग्णांना 'चाला, चाला' म्हणून सांगणारा मी स्वतः दवाखान्यातील खुर्चीवर दिवसाचे दहा तास बसून होतो. माझे शेजारी हायस्कूलमध्ये शिक्षक आहेत, गल्लीत सगळे त्यांना नुसते 'सर' म्हणतात. वय अठ्ठेचाळीस, अंगकाठी सडपातळ, शाळेत एन.सी.सी. सांभाळतात. शर्यतीची जाहिरात त्यांनीच आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, नुसता सल्ला किती दिवस देणार? नाद खुळा होऊन जाऊ दे एकदा!" आम्हा दोघांच्या हातात सात महिने होते.

पोहण्यापासून सुरुवात केली, कारण भीती त्याचीच होती. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली आमची पिढी. पाण्यात बुडणार नाही एवढी खात्री होती, पण डोके पाण्याबाहेर ठेवून हातपाय मारणे निराळे आणि दीड किलोमीटर कापणे निराळे. तोंड पाण्यात ठेवून श्वास सावकाश सोडायचा, मान वळवून घ्यायचा, हे जमायला मला दोन महिने लागले. पंचवीस मीटरच्या तलावात दीड किलोमीटर म्हणजे साठ वेळा या टोकाहून त्या टोकाला. पहिल्या दिवशी माझे चार झाले आणि मी कठडा धरून खोकत बसलो. सर मात्र सहज वीस करून आले.

सायकल आणि धावणे यांत शिकण्यासारखे एकच, ते म्हणजे आपला उत्साह आवरणे. स्नायू महिन्याभरात तयार होतात, पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे आणि स्वतः हाडे मागे राहतात. त्यामुळे उत्साही माणूस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टाच किंवा नडगी धरून दवाखान्यात येतो. आठवड्याचे अंतर साधारण एकदशांशाहून जास्त वाढवायचे नाही आणि दर चौथा आठवडा हलका ठेवायचा, असे आम्ही ठरवले. वेग किती? चालता चालता, पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, एवढा. २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल मर्यादा काढण्याचा हिशेब पुष्कळांना पाठ असतो, पण तो ढोबळ आहे. बोलण्याची कसोटी फुकट आहे आणि बऱ्याच अंशी खरी आहे. सर आणि मी बोलत बोलतच पळत असू. दहावीचा निकाल, गल्लीतले राजकारण, पोरांची लग्ने, सगळे विषय त्या रस्त्यांवर झाले. हे बोलणे पुढे महत्त्वाचे ठरणार आहे, म्हणून लक्षात ठेवावे.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा एक वेगळा सराव असतो. खेळाडू त्याला 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे वीट. पाय खरोखरच विटांचे होतात. तासभर एका चालीने फिरलेले पाय जमिनीवर टेकले की कुणा दुसऱ्याचेच वाटतात. पहिले आठ-दहा मिनिटे तसे जातात, मग सुटतात. हे एकदा अनुभवले की शर्यतीत माणूस घाबरत नाही. आम्ही दर पंधरवड्याला एकदा हा सराव केला, पण तोही सावकाश आणि सपाट रस्त्यावर.

खाण्यापिण्याबद्दल वाचक हमखास विचारतात, म्हणून सांगतो. तासाभराच्या आतल्या व्यायामाला साधे पाणी पुरते. त्याहून लांब असेल तर ताशी तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर पोटात गेली पाहिजे. एक मध्यम केळे साधारण पंचवीस ग्रॅमचे. आम्ही केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि मीठ-साखर-लिंबू घातलेले पाणी यांवर भागवले. शर्यतीच्या दिवशी पोटाला नवीन काही दाखवायचे नाही, हा नियम. सरावाच्या एका पहाटे मी कट्ट्यावरचे धारोष्ण दूध पिऊन सायकलवर बसलो होतो. कोल्हापूरकराने दुधाला नाही म्हणायचे तरी कसे! पुढची दहा किलोमीटर पोटाने माझा जो समाचार घेतला, त्यानंतर दूध परतल्यावर.

पाणी भरपूर प्या, हा सल्ला मात्र आंधळेपणाने घेऊ नये. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त अंतिम रेषेवर तपासले गेले. त्यांपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघाले आणि धावताना ज्यांचे वजन कमी होण्याऐवजी वाढले त्यांच्यात हे जास्त होते. म्हणजे घामापेक्षा पिणे जास्त झाले होते. याने मळमळ, गोंधळल्यासारखे होणे, प्रसंगी झटके येतात. तहान लागेल तसे प्यावे, मिठासह प्यावे आणि शेजारी पितो म्हणून पिऊ नये.

आता मूळ मुद्दा. शर्यतीला दोन आठवडे उरले तेव्हा आम्ही ठरवले की एका रविवारी संपूर्ण मार्ग, त्याच क्रमाने, त्याच वेळेला करून पाहायचा. पेपरात येणाऱ्या अभ्यासक्रमाच्या बाहेरचे विद्यार्थ्याला विचारता येत नाही, पण रस्ता विचारतो, असे सर म्हणाले. ते गणित शिकवतात.

सहाला आम्ही राजाराम तलावावर पोहोचलो. सोबत माझा पुतण्या हवेची ट्यूब घेऊन होता आणि काठावर ओळखीचे दोन पट्टीचे पोहणारे. उघड्या पाण्यात एकट्याने कधीही उतरू नये, कितीही पोहता येत असले तरी. पायाला ताजी जखम असेल तर त्या दिवशी काठावरच बसावे. जनावरांच्या आणि उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमेतून शिरतो.

तळ्यात शिरल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्येच माझी फजिती झाली. पोहण्याच्या तलावात तळाला काळी रेघ असते, इथे हिरवट अंधार. कठडा नाही, तळ नाही, स्वतःचा हातही नीट दिसत नाही. पाणी छातीला गार लागले, श्वास भराभर होऊ लागला, आणि सात महिने शिकलेले सगळे विसरून मी विहिरीतल्या पोरासारखी मान वर काढून हात मारू लागलो. छाती आवळल्यासारखी झाली. मग उताणा झालो, आभाळाकडे पाहिले आणि मोठ्याने आकडे मोजत श्वास सोडला. दोन मिनिटांत सगळे जागेवर आले. हे ज्याला होईल त्याने लाजू नये. शर्यतीत रक्षकांची होडी धरून थांबता येते, पुढे सरकण्यासाठी तिचा उपयोग केला नाही म्हणजे झाले. हात उंच करून हाक मारावी.

आणि हे गमतीने घेण्यासारखे नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रकार अभ्यासकांनी एकत्र केले. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. बहुसंख्य पुरुष, तेही चाळिशीच्या पुढचे अधिक. ज्यांचे शवविच्छेदन झाले त्यांतील बऱ्याच जणांत आधी माहीत नसलेला हृदयविकार सापडला.

पोहताना आणखी एक गोष्ट कळली, जी नकाशावर कळली नसती. दूरच्या टोकाकडे जाताना उगवता सूर्य नेमका डोळ्यांत येतो आणि खुणेचा फुगा दिसतच नाही. सर वाट चुकून पन्नासएक मीटर बाजूला गेले. दर सात-आठ हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून पाहायचे, पण फुग्याकडे न पाहता त्याच्या मागे असलेल्या उंच झाडाकडे पाहायचे, असे आम्ही ठरवले. शर्यतीच्या दिवशी त्या एका झाडाने माझी पाच मिनिटे वाचवली असतील.

सायकलचा रस्ता उचगाव, गोकुळ शिरगाव करत महामार्गाने कागलच्या दिशेने आणि परत. आम्ही नेहमी गगनबावड्याच्या रस्त्याला सराव करणारे, त्यामुळे या रस्त्याचे स्वभाव नवीन. मोटारीतून सपाट वाटणारे उड्डाणपूल सायकलवर चढ होतात. रस्त्याच्या कामामुळे दोन ठिकाणी बारीक खडी पसरली होती, वळताना चाक घसरेल अशी. गळिताचा हंगाम तोंडावर होता. ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढे गेला की मागे पडलेली कांडी चाकाखाली येतात, हे शहरातल्या पुस्तकात लिहिलेले नसते. परतताना वारा समोरून आला. मी गिअर हलका केला. सरांनी केला नाही. मान खाली घालून ते वाऱ्याशी भांडत पुढे गेले. त्या दिवशी प्रथमच आमचे बोलणे बंद होते.

सायकली ठेवून शिवाजी विद्यापीठाच्या आवारात धावायला शिरलो. ऊन वर आले होते. कोल्हापुरातले अर्धे लोक सकाळी तिथे फिरायला येतात. मोर ओरडत होते, ओळखीचे लोक हात करत होते. आवारातला रस्ता मोठा फसवा आहे, सतत थोडा वर, थोडा खाली. तिसऱ्या किलोमीटरच्या चढावर सर थांबले आणि त्यांनी डावा गाल धरला.

"काय झालं?"

"काही नाही, दाढ ठणकतीय. पंधरा दिवस झाले, सारखी त्रास देतीय. सोमवारी काढूनच टाकतो."

दोन-तीन मिनिटे झाडाखाली उभे राहिलो. दाढ थांबली. पुन्हा पळू लागलो, उतारावर काही नाही. पुढच्या चढावर पुन्हा गाल. मी हसून म्हणालो, "सर, तुमच्या दाढेला चढ आवडत नाही वाटतं." तेही हसले. आम्ही दहा किलोमीटरऐवजी सहा पुरे केले आणि घरी येऊन मिसळ खाल्ली. त्यांनी ती डाव्या दाढेनेच चावून खाल्ली आणि त्यांना काही झाले नाही. हे मी समोर बसून पाहत होतो.

रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा माझेच वाक्य परत आले. चढावर दुखणारी आणि उतारावर थांबणारी दाढ! गार पाण्याने ठणकत नाही, पाव चावताना ठणकत नाही, चढावरच ठणकते आणि उभे राहिले की दोन मिनिटांत जाते. एखाद्या शिकाऊ डॉक्टरला मी परीक्षेत हा प्रश्न घातला असता तर त्याने दाताचे नाव काढले नसते.

हृदयाच्या रोहिण्या अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते आणि वेदना होते. पण हृदयाच्या आणि जबड्याच्या, खांद्याच्या, हाताच्या मज्जातंतूंचे निरोप मेंदूकडे जाताना एकाच ठाण्यावर येऊन मिळतात. मेंदूला पत्ता नीट लागत नाही. म्हणून ही कळ कुणाला छातीत, कुणाला डाव्या हातात, कुणाला पाठीत, कुणाला बेंबीच्या वर 'ॲसिडिटी' म्हणून, आणि कुणाला खालच्या जबड्यात जाणवते. पुष्कळदा ती कळही नसते, नुसता जडपणा किंवा नेहमीपेक्षा लवकर लागणारी धाप. जागा फसवी असते, वेळ फसवी नसते. श्रमाने येते, विश्रांतीने जाते. सात महिने आम्ही बोलण्याइतक्या वेगाने धावलो, त्या वेगाला सरांच्या हृदयाला मिळणारे रक्त पुरत होते. शेवटच्या पंधरवड्यात वेग वाढवला तेव्हा दाढ आली आणि पूर्ण मार्ग एका दमात केला तेव्हा ती माझ्या डोळ्यांसमोर आली.

उठून बसलो, कारण दुसरी गोष्ट आठवली. शर्यतीच्या अर्जासोबत डॉक्टरचा दाखला लागत होता. सरांच्या दाखल्यावर माझी सही होती.

मी स्वतःची स्ट्रेस टेस्ट करून घेतली होती, साखर उंबऱ्यावर म्हणून. सरांचे मात्र रक्तदाब आणि साधा ई.सी.जी. पाहून सही केली. ई.सी.जी. स्वच्छ होता. पण विश्रांतीत काढलेला ई.सी.जी. म्हणजे उभ्या मोटारीचा फोटो. रोहिणी बरीच अरुंद झालेली असतानाही तो अगदी निर्दोष येऊ शकतो. हे मला माहीत नव्हते असे नाही. सर सडपातळ, शिस्तीचे, वीस-वीस फेऱ्या पोहणारे. माझ्या डोळ्यांनी त्यांना पास करून टाकले आणि पेनाने नुसते गिरवले. घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का, हा प्रश्नसुद्धा मी शेजारी म्हणून विचारला नाही. शेजाऱ्याचे सगळे आपल्याला ठाऊक असते अशी आपली समजूत असते.

पहाटे साडेपाचला मी त्यांचे दार वाजवले. सर पळायचे बूट घालूनच बाहेर आले. मी म्हणालो, "आज पळायचं नाही. चहा द्या." वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी विचारायचे राहिलेले प्रश्न विचारले. सरांचे थोरले बंधू सत्तेचाळीसाव्या वर्षी शेतात काम करताना एकाएकी गेले होते. घरात ते 'ऊन लागून' म्हणून सांगितले जाई. सरांनी स्वतः बारा वर्षे तंबाखू खाल्ली होती, शाळेत लागल्यावर सोडली. कोलेस्टेरॉल कधीच तपासले नव्हते.

मी काय म्हणतोय हे सरांच्या आधी वहिनींच्या लक्षात आले. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "भावजी, पण कागदावर तुम्हीच सही केली होती नव्हं?"

"हो," मी म्हणालो. आणखी बोलण्यासारखे काही नव्हते.

त्याच दिवशी कोल्हापुरात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवले. स्ट्रेस टेस्टमध्ये चालत्या पट्ट्याचा वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढवतात आणि ई.सी.जी. सतत चालू असतो. तिसऱ्या टप्प्यात आलेख खाली झुकला, सरांचा हात गालाकडे गेला आणि तंत्रज्ञाने पट्टा थांबवला. दोन दिवसांनी अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी डावीकडची मोठी रोहिणी एका जागी बहुतांश बुजली होती. त्याच वेळी तिथे स्टेंट बसवला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तो पडद्यावरचा चित्रपट दाखवला. एवढ्याशा फटीतून सरांनी मला सात महिने मागे टाकले होते.

इथे वाचकांची एक समजूत होऊ नये, म्हणून थांबतो. धावायला जाणाऱ्या प्रत्येकाने उद्या सकाळी स्ट्रेस टेस्टला रांग लावावी असे मी म्हणत नाही. ज्याला काही त्रास नाही आणि धोक्याचे घटकही नाहीत, त्याच्यात ही तपासणी कधी कधी नसलेला आजार दाखवते आणि मग विनाकारण पुढच्या तपासण्या मागे लागतात. पण चाळिशी उलटलेली, घरात कुणी लवकर आणि एकाएकी गेलेले, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल यांपैकी काही असेल आणि मोठ्या श्रमाच्या खेळात उतरायचे असेल, तर डॉक्टरांशी आधी सविस्तर बोलावे आणि ते सांगतील त्या तपासण्या कराव्यात. चालण्याला यातले काही लागत नाही. श्रमाने येणारा आणि विश्रांतीने जाणारा कोणताही त्रास, मग तो नाभीपासून दातापर्यंत कुठेही असो, त्याच दिवशी दाखवावा. तोच त्रास बसल्या जागी होऊ लागला, घाम फुटला किंवा पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही, तर दवाखाना शोधत न बसता थेट मोठे रुग्णालय गाठावे किंवा १०८ ला फोन करावा. आणि दाखला मागायला याल तेव्हा डॉक्टर नुसतीच सही करू लागले तर हात धरून 'माझे काही विचारा की' म्हणावे. माझ्याकडे आलात तरी.

शर्यतीतून नाव काढून घ्यायचे मी ठरवले होते. सर ऐकेनात. स्टेंट बसवून नऊ दिवस झालेला माणूस वहिनींसह घडीची खुर्ची घेऊन भल्या पहाटे तलावावर हजर! सायकलींच्या जागेपलीकडे दोरीला लागून बसले आणि शिक्षकी आवाजात मला सूचना देऊ लागले. पहिल्या शंभर मीटरमध्ये छाती पुन्हा आवळली. ओळखीची होती, म्हणून उताणा होऊन मोजले आणि झाडाकडे निघालो. पाण्यातून बाहेर आल्यावर घाईत सायकलला हात घालणार तोच सर ओरडले, "आधी हेल्मेट!" हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावला तर दंड होतो. खडीच्या दोन्ही ठिकाणी मी वेग कमी केला, तिथे माझ्यापुढचा एक तरुण पडून कोपर सोलून घेत होता. परतीच्या वाऱ्यात हलका गिअर. विद्यापीठातला तिसऱ्या किलोमीटरचा चढ मी चालत चढलो. पळता आले असते, पण त्या झाडाखालून पळावेसे वाटले नाही.

पोहायला ४६ मिनिटे, सायकलला १ तास ३८, धावायला १ तास १६, आणि कपडे-बूट बदलण्यात आठ. माझ्या वयोगटात मागून तिसरा. तीन महिन्यांनी साखर ५.६ आली.

सर आता रोज पाच किलोमीटर चालतात. औषधे नियमित घेतात, हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत आहेत. गेल्या महिन्यात विद्यापीठाचा तो चढ त्यांनी न थांबता, माझ्याशी परीक्षेच्या पेपर तपासणीबद्दल वाद घालत पार केला. पुढच्या वर्षीचा अर्ज त्यांनी आणून ठेवला आहे. मी त्यावर सही करणार नाही, ते काम आता हृदयरोगतज्ज्ञांचे, आणि त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. वहिनींनी मधल्या काळात ती डावी दाढ दंतवैद्यांना दाखवून आणली. तिला काहीही झालेले नव्हते.